पीठ कुठे दळलं? नाशिकच्या एका घरातलं गहू आणि दूध वगळलेलं वर्ष

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकमध्ये काम करते. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

मुलगी साडेसात वर्षांची. वजन १६.८ किलो, उंची ११३ सेंटिमीटर, हिमोग्लोबिन ८.२. घरात दोन वर्षं एकच वाक्य होतं: खाल्लेलं अंगी लागत नाही. जंताचं औषध तीनदा देऊन झालं, लोहाची सिरपं झाली, आजीने दृष्टही काढली. पोट कायम फुगलेलं, जुलाब अधूनमधून, हातपाय काटकुळे. शाळेत रांगेत ती सगळ्यात पुढे उभी असायची, कारण सगळ्यात बुटकी तीच.

शेवटी बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी केली. ती सामान्य मर्यादेच्या दहापटीहून जास्त आली. त्यांनी एक गोष्ट फार नीट केली: एंडोस्कोपी होईपर्यंत पोळी बंद करू नका, असं बजावून सांगितलं. बरेच पालक रिपोर्ट हातात पडला की त्याच रात्री गहू थांबवतात, मग आतड्याचा तुकडा तपासला तरी निदान धूसर राहतं. इथे ते झालं नाही. निदान स्वच्छ होतं, सिलिअ‍ॅक, म्हणजे गहू न सोसणारा आतड्याचा आजार. आपल्याकडे हा उत्तरेकडचा, गहू जास्त खाणाऱ्यांचा आजार मानला जातो. तिकडे त्याचं प्रमाण जास्त आहे हे खरं, पण त्या समजुतीपायी इथल्या मुलांची वर्षं वाया जातात.

घरात सहा माणसं. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, पहिल्या पाळीला पहाटे डबा घेऊन निघणारे. आई पतसंस्थेत नोकरीला, माहेर कुडाळचं. आजी-आजोबा मूळचे निफाड तालुक्यातले. बारा वर्षांचा दादा. आणि ही धाकटी.

नेमका प्रश्न

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या. गहू आणि जव आयुष्यभर बंद. दूध सध्या बंद.

आई माझ्याकडे आली तेव्हा तिला पहिल्या ओळीपेक्षा दुसरीने जास्त हलवलं होतं. "मॅडम, पोळी गेली तर भाकरी आहे. पण एवढ्या अशक्त पोरीचं दूधही काढून घ्यायचं?"

तिला मी असं समजावलं. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक रसांकुर असतात. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन या गहू-जवातल्या प्रथिनामुळे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते आणि ते झिजून सपाट होतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर याच रसांकुरांच्या टोकांवर तयार होतं. टोकंच झिजली तर दूध पचणार कुठून? म्हणून दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात. रसांकुर पुन्हा उगवले की दूध बहुतेक वेळा परत पचू लागतं. पहिली ओळ जन्माची आहे, दुसरी काही महिन्यांची.

यातच तुपाचा प्रश्न आला. आईने कुठेतरी वाचलं होतं की तूपही दुधाचंच, तेही बंद. मुलीला दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असती तर मीही तूप बंदच केलं असतं. इथे अडचण लॅक्टोजची होती आणि कढवलेल्या तुपात ते जवळपास उरतच नाही. वरण-भातावरचं तूप राहिलं. अशा मुलीला भूक लागून दोन घास जास्त जाण्यात त्या चमचाभर तुपाचा वाटा मोठा होता.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीला आई, वडील आणि आजी तिघेही आले होते. समोर तीन वाटा होत्या.

एक, मुलीचं जेवण वेगळं: पाकिटातला ग्लुटेनमुक्त ब्रेड, बिस्किटं, पास्ता. निदानानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात घराने हेच केलं होतं. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, त्यामुळे माल भरवशाचा होता. पण त्या ब्रेडच्या घटकांत दुधाची पावडर निघाली, बिस्किटांत मुख्यतः पिष्ट आणि साखर होती आणि महिन्याच्या किराण्याचं गणित कोलमडलं. सगळे पोळी-भाजी खात असताना ती एकटी टोस्ट चावत बसायची. आजी म्हणाली, "पाहुण्यासारखी वाटते हो आपल्याच घरात."

दोन, अख्ख्या घराचा गहू बंद. सर्वांत सुरक्षित. पण पहाटेचा डबा, दादाच्या पोळ्या आणि आजोबांची सवय पाहता तो निर्णय महिनाभरही टिकला नसता असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

तीन, संध्याकाळचं जेवण सगळ्यांचं एक, त्यात गहू नाही आणि दूधही नाही. पोळ्या फक्त सकाळी, डब्यापुरत्या, आणि त्यांना हद्द आखलेली.

आम्ही तिसरी वाट धरली. वडिलांचा कल पहिल्या वाटेकडे होता, "खर्च होऊ दे, पण तिला नवीन काहीतरी मिळू दे" म्हणून. त्यांचं म्हणणं मायेपोटीच होतं. तरी रात्री सहाही ताटांत एकच अन्न असावं हा आजीचा आग्रह मला जास्त पटला.

काय केलं

मी पाककृतींचा छापील कागद तयार ठेवला होता. तो बाजूला ठेवावा लागला, कारण या घरात कागदापेक्षा जास्त माहिती असलेल्या दोन बायका होत्या. कुडाळची आजी पंधरा दिवस राहायला आली. कोकणातला स्वयंपाक तांदूळ आणि नारळावर उभा आहे. गहू आणि दूध दोन्ही वगळायचं म्हटलं की ज्याची सगळीकडे शोधाशोध होते, तो तिचा रोजचाच नाश्ता होता.

तिने आधी घावन शिकवलं. तांदळाचं पीठ, मीठ, पाणी. पीठ ताकाइतकं पातळ. बिडाचा तवा कडक तापवायचा, अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं आणि वाटीने कडेकडून मध्याकडे पीठ सोडायचं. तवा पुरेसा तापला असेल तरच जाळी पडते. झाकण, मिनिटभर, की झालं. घावन डब्यात मऊ राहतं, म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीचा प्रश्न सुटला; भाकरी तोवर कडक होते. मग आंबोळी: तांदूळ, उडीद डाळ, थोड्या मेथ्या, रात्रभर आंबवून, सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार. रविवारी शिरवाळे, नारळाच्या दुधाचा गुळाचा रस घालून. मुलीने आयुष्यात पहिल्यांदा गोड खाऊन पोट न दुखलेला दिवस पाहिला, असं आई म्हणाली.

नारळाच्या दुधाचं तंत्र तिने आईच्या हातात पक्कं बसवलं. पहिलं दाट दूध वेगळं ठेवायचं, दुसऱ्या पातळ दुधात भाजी किंवा आमटी शिजवायची आणि दाट दूध शेवटी घालून गॅस बंद करायचा. खळखळून उकळलं की फुटतं. दह्याच्या कढीची जागा सोलकढीने घेतली. नारळाचं दूध पदार्थात गाईच्या दुधाची जागा घेतं, कॅल्शियमची मात्र घेत नाही, हे मी तिथेच सांगितलं. त्याकडे पुढे येते.

निफाडची आजी भाकरीत वाकबगार. गव्हाच्या कणकेला ग्लुटेनचा चिवटपणा असतो, ज्वारी-बाजरीला नसतो, म्हणून भाकरी चिरते. आजीची पद्धत सरळ होती: आधणाचं पाणी पिठात ओतायचं, उलथन्याने कालवायचं, जरा झाकायचं, मग तळहाताच्या जोरावर एकेका भाकरीपुरतं मळायचं. गरम पाण्याने पिठातलं पिष्ट फुलतं आणि तेच बांधून धरतं. आईला ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती, ती आठवडाभरात यायला लागली. सुरुवातीला प्लास्टिकच्या कागदावर, मग परातीत.

आठवड्याची संध्याकाळ साधारण अशी बसली. सोमवारी ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. मंगळवारी मुगाची खिचडी, वर तूप, भाजलेला पापड (उडदाचा, घटक वाचून). बुधवारी आंबोळी आणि उसळ. गुरुवारी आमटी-भात, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. शुक्रवारी थालीपीठ, त्याची भाजणी मात्र घरची, कारण बहुतेक भाजण्यांत गहू असतोच. शनिवारी जे उरलं-सुरलं असेल त्याची धिरडी. यात नवीन पदार्थ एकही नाही. पहिल्या महिन्यात आई मला विचारायची, "मॅडम, हे एवढंच?" हो, एवढंच.

कॅल्शियमचा हिशेब वेगळा मांडला. या वयाला दिवसाला साधारण ६५० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं, पण मुलगी दिवसाला ४०-५० ग्रॅमच नाचणी खाणार: सकाळी मोड आणलेल्या नाचणीचं गूळ घातलेलं सत्त्व, पाण्यात शिजवलेलं. तीळ कॅल्शियमने भरलेले असतात, पण त्यातलं सगळं अंगी लागत नाही. तिळाची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, पालेभाजी धरूनही आकडा कमी पडत होता. म्हणून डॉक्टरांना विचारून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं औषध सुरू ठेवलं. नाचणी आहे ना मग औषध कशाला, असा सल्ला त्या घराला तीन नातेवाइकांनी दिला. दूध बंद असलेल्या आणि आतडं झिजलेल्या मुलीच्या हाडांवर तो प्रयोग करायची माझी तयारी नव्हती.

आणखी एका नातेवाइकाने प्रेमाने पाच किलो खपलीचं पीठ पाठवलं, "हा जुना गहू आहे, चालतो" म्हणून. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लुटेन आहे. ते पीठ शेजारी दिलं.

सहाव्या महिन्यात अडलं

तीन महिन्यांत जुलाब थांबले होते, वजन १८ वर गेलं होतं. चौथ्या महिन्यात अर्धा कप दूध देऊन पाहिलं, तर पोट लगेच बिघडलं. सहाव्या महिन्यात टीटीजी पुन्हा केलं. उतरलं होतं, पण निम्म्याच्या जरा खाली, इतकंच. हिमोग्लोबिन ९.४ वर अडकलेलं.

टीटीजीचा आकडा खाली यायला वेळ लागतो, अनेक मुलांत वर्ष किंवा जास्तही. थांबून पाहणं हा एक पर्याय होता. पण मुलीचं पोट अधूनमधून दुखत होतं, तोंडात फोड येत होते. कुठूनतरी गहू जात होता. शाळेत कुणी बिस्किट देतं का, हा पहिला संशय आला आणि घरात तिची उलटतपासणी झाली. ती रडून म्हणाली, "मी खरंच नाही खात." ते आजही माझ्या मनाला लागून आहे, कारण ती खरं बोलत होती.

मी सात दिवसांची जेवणाची वही मागवली. वहीत काहीच चुकीचं नव्हतं. मग त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाकघर पाहिलं. तिथे निफाडच्या आजीशी बोलताना मी सहज विचारलं, पीठ कुठे दळता?

कोपऱ्यावरच्या गिरणीत. आजीची शिस्त आयुष्यभराची: ज्वारीवरच ज्वारी दळायची. ती दादाला डबा देताना दर वेळी सांगायची, ज्वारीवर टाक म्हणून. दादा सायकलवरून जायचा, डबा ठेवायचा आणि क्लासला पळायचा. गिरणीत गव्हाचं जातं वेगळं होतं, पण दुसऱ्या जात्यावर ज्वारी, बाजरी, डाळी आणि लापशीचा भरडा सगळंच चालायचं. लापशी म्हणजे गहू. भरड्यानंतर जात्यात जे उरतं, ते पुढच्या डब्यात उतरतं. ज्याला ग्लुटेन सोसत नाही त्याला तेवढंही पुरतं.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी सापडल्या. हिंगाच्या डबीवर घटकांत गव्हाचं पीठ. बांधानी, म्हणजे पीठ मिसळलेल्या हिंगात ते सर्रास असतं आणि हिंग रोजच्या फोडणीत. दुसरं, मऊ भातावरचं मेतकूट. आजीच्या हातचं, डाळी, तांदूळ आणि मूठभर गहू भाजून केलेलं. मुलगी आजारी असली की तिला हमखास मऊ भात-मेतकूट दिलं जायचं.

माझी चूक इथे आहे. सहा महिने मी काय खाता हे विचारलं. कशावर दळता, कशात मिसळता हे विचारलं नाही. आजीला ज्वारीवर ज्वारीचं महत्त्व माझ्याआधी कळत होतं, फक्त तिचं कारण वेगळं होतं, भाकरीची चव. तिच्याशी पहिल्याच दिवशी अर्धा तास बोलले असते तर हे महिने वाचले असते.

पुन्हा पर्याय

दळणाचं काय करायचं? मिक्सरमध्ये दळून पाहिलं. पीठ जाडसर राहतं, तापतं, भाकरी फाटते. गिरणीवाल्याला विनंती करता आली असती की दिवसाचं पहिलं दळण आमचं घ्या, पण आदल्या रात्री जात्यात काय राहिलं याची खात्री कोण देणार? तो भला माणूस होता, त्याने स्वतःच सांगितलं, "ताई, मी शब्द नाही देऊ शकत." शेजारी एक वापरलेली घरघंटी स्वस्तात मिळत होती. वडिलांनी जवळपास घेतलीच होती, मी थांबवलं. वर्षानुवर्षं गहू दळलेली घरघंटी आतून कधीच पुरती साफ होत नाही. शेवटी नवी घेतली, हप्त्यांवर. तिच्यात गहू कधीच पडणार नाही असं आजीने ठरवलं आणि पहिल्या दिवशी हळदकुंकू लावून तांदूळ दळले. गहू बाहेरच्या गिरणीतच जाऊ लागले. ज्वारी घरी आली की निवडून, धुऊन, वाळवून मगच डब्यात, कारण दुकानातल्या पोत्यांतही गव्हाचे दाणे मिसळलेले असतात.

सकाळचा क्रमही उलटा केला. आधी पोळ्या आणि मग तिचा डबा होत असे. सुकी कणीक हवेत उडते आणि ओट्यावर बसते. आता आधी तिचा डबा भरून झाकायचा, मगच कणकेला हात. तिच्यासाठी नवं पोळपाट-लाटणं, नवी चाळणी, नवी परात. लाकडी काथवट पोळ्यांसाठीच राहिली, लाकडाच्या भेगांतलं पीठ निघत नाही. हिंग तांदळाच्या पिठाचा, लेबल वाचून. मेतकूट गहू न घालता.

दिवाळीत तळणाचा क्रम ठरला: स्वच्छ तेलात आधी चकल्या आणि अनारसे, शंकरपाळे सगळ्यात शेवटी. गणपतीत उकडीचे मोदक होतेच, ते मुळातच तांदूळ, नारळ, गुळाचे. सत्यनारायणाच्या प्रसादाचं मात्र अवघड गेलं. रव्याचा, दुधातला सांजा. नको म्हणणं आजीला पाप वाटत होतं. पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनाच विचारलं. नैवेद्यात केळं, खोबरं आणि गूळही ठेवा, तिला तोच प्रसाद द्या, असं ते म्हणाले. आजीचा जीव भांड्यात पडला.

दूध परत आणताना

चौथ्या महिन्यातल्या अपयशानंतर वडील म्हणाले होते, दूध कायमचंच बंद करू, एवढं छान चाललंय तर छेडायचं कशाला. मलाही ते क्षणभर पटलं होतं. पण दूध पचलं नाही त्यामागे गिरणीच होती: गहू जात राहिला, रसांकुर भरून आले नाहीत, मग दूध पचणार कसं? दोन वेगळे वाटणारे प्रश्न एकच होते.

गळती बंद झाल्यावर तीन महिने थांबलो. नवव्या महिन्यात भातात दोन चमचे दही, चार दिवस. मग अर्धी वाटी, मग ताक. दह्यात विरजणामुळे लॅक्टोज थोडं कमी झालेलं असतं, म्हणून सुरुवात त्याने. अकराव्या महिन्यात ५० मिलिलिटर दूध जेवणानंतर, मग हळूहळू दीडशे. पोट शांत राहिलं. आईने फोनवर एवढंच सांगितलं, "प्यायली आणि खेळायला गेली."

परिणाम

वर्षअखेर वजन २१.४ किलो, उंची १२०.५ सेंटिमीटर, हिमोग्लोबिन ११.७. टीटीजी सामान्य मर्यादेच्या जरा वर, उतरतं. संध्याकाळचं जेवण अजूनही सहाही जणांचं एकच आणि दूध परतलं तरी ते बहुतेक दिवस दुधाविनाच असतं, कारण सोलकढी आता दादालाही हवी असते. पाकिटातला ब्रेड वाढदिवसाला आणि सहलीला.

जवळच्या रक्ताच्या नात्यातल्यांची तपासणी करावी लागते. आईची आणि दादाची झाली, दोघांचीही ठीक आली. दादाची पुढे पुन्हा करायची आहे. वडिलांची राहिली.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीत वहीऐवजी घर पाहीन, किंवा निदान ओट्याचे, डब्यांचे आणि मसाल्यांच्या लेबलांचे फोटो मागवीन. गिरणी, हिंग, मेतकूट, भाजणी, तळणाचं तेल, काथवट हे सहा प्रश्न आता माझ्या छापील अर्जात पहिल्या पानावर आहेत. दूध बंद करताना चिठ्ठीवर लिहून देईन की हे लॅक्टोजसाठी आहे, तूप चालेल, आणि पुन्हा कधी देऊन पाहायचं तो महिनाही लिहीन. "सध्या" हा शब्द घराघरांत कायमचा होतो. शाळेतल्या बाईंना निदानानंतर चार महिन्यांनी भेटलो, ते पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं. आणि मुलीवर संशय घेण्याआधी स्वयंपाकघर तपासायला हवं होतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "चालतं," आणि घावनाला जाळी कशी पाडायची ते मला सांगू लागली.

वडिलांची रक्तचाचणी पुढच्या महिन्यात ठरली आहे. याआधी दोनदा पुढे ढकलली गेली आहे. तपासणी होईपर्यंत त्यांनी पोळी सोडायची नाही, हे या वेळी मी आजीलाही सांगून ठेवलं आहे.